लाल खिळा

त्याला कंपनीत सगळे किलोमीटर म्हणायचे. खरं नाव पगारपत्रकावर होतं आणि तिथेच सुखाने नांदत होतं. अकरा बसगाड्यांची ती कंपनी. खालच्या गावातली माणसं डोंगरावरच्या गावात न्यायची आणि संध्याकाळपर्यंत परत आणायची, एवढाच तिचा धंदा. कुठली गाडी किती धावली, तिचं ऑइल कधी बदललं, टायर कधी टाकले, चाकाला घासून झिजणारे ब्रेकचे लायनर कधी घातले आणि या सगळ्यात किती पैसे गेले, हे लिहून ठेवायचं काम किलोमीटरचं. बावीस वर्षं तो ते करत होता, आणि अशा गंभीर चेहऱ्याने करत होता की नव्या माणसाला वाटावं, गाड्या डिझेलवर नाही, याच्या पेनावर चालतात.

लग्नाला किती वर्षं झाली असं विचारलं तर तो आधी आढ्याकडे बघायचा. "तीन नंबरचं इंजिन उतरवलं ना, त्याच्या आदल्या उन्हाळ्यात," असं काहीतरी उत्तर यायचं. बायको कपाळावर हात मारायची. पण तिलाही एव्हाना तीन नंबरचं इंजिन कधी उतरवलं ते पाठ झालं होतं.

गॅरेजच्या दारालगत त्याची खोली. खोलीत एक टेबल, एक बाकडं, एक फोन आणि भिंतीवर लाकडी फळा. फळ्यावर प्रत्येक गाडीसाठी दोन खिळे ठोकलेले, एक पांढरा रंगवलेला, एक लाल. खिळ्यांच्या वर पत्र्याची पट्टी, आणि पट्टीवर खडूने एक आकडा: या गाडीचे लायनर पुढच्या वेळी कुठल्या आकड्याला बदलायचे तो. संध्याकाळी गाड्या आल्या की किलोमीटर हातात वही घेऊन एकेका गाडीत चढायचा आणि मीटर बघून यायचा. मीटर पट्टीवरच्या आकड्याला पोचलं की त्या गाडीची किल्ली पांढऱ्या खिळ्यावरून लाल खिळ्यावर जायची. मग मिस्त्री तिची चाकं उघडायचा. एरवी तो महिन्यातून एकदा बाहेरूनच ब्रेक आवळून सोडून द्यायचा. अकरा गाड्या आणि एक मिस्त्री, उगाच कोण चाकं उघडत बसणार? लाल खिळ्यावर किल्ली आली म्हणजे मात्र गाडी हलायची नाही. ड्रायव्हर कितीही घाईत असो, मालकाचा पाहुणा खोळंबलेला असो, लाल खिळ्यावरच्या किल्लीला कोणी हात लावत नसे. असं कुठे लिहिलेलं नव्हतं. बावीस वर्षांत तशी सवय पडली होती, आणि किलोमीटरच्या आयुष्यात त्याला अभिमान वाटावा अशी तेवढीच एक गोष्ट होती.

नऊ नंबरची गाडी त्याचा धाकटा भाऊ चालवायचा. दोघांच्यात बारा वर्षांचं अंतर. आईवडील लवकर गेले, त्यामुळे भाऊ कमी आणि मुलगाच जास्त. स्वतःला मूल नव्हतं, म्हणून बायकोचाही सगळा जीव या दिरावर. किलोमीटरनेच त्याला अक्षर गिरवायला शिकवलं, त्यानेच गाडी शिकायला पाठवलं, आणि मालकाच्या दारात चार हेलपाटे घालून नोकरीलाही त्यानेच लावलं. पोरगा ड्रायव्हर मात्र निघाला झकास. घाटात तो ब्रेकपेक्षा गिअरवर गाडी उतरवायचा. पाय इतका हलका की मागे झोपलेला माणूस खालच्या स्टँडवर पोचल्यावरच जागा व्हायचा.

याच्या अगदी उलट म्हणजे चार नंबरवाले आबा. निवृत्तीला दीड वर्ष राहिलेलं, केस पांढरेशुभ्र, आणि ब्रेकवर भारी प्रेम. रस्त्यात कोंबडी दिसली तरी आबा ब्रेक मारणार, आणि कोंबडी दिसली नाही तर ती कुठे गेली म्हणून मारणार. चार नंबरचे लायनर आकडा गाठण्याआधीच कुरकुरायला लागायचे. पण आबांवर कोणी रागवत नसे. सकाळी ते आले की सगळ्या गॅरेजला जाग यायची.

आता नऊ नंबरचं काय झालं ते सांगायला हवं.

दीड वर्षापूर्वी किलोमीटरच्या बायकोचं ऑपरेशन झालं. बावीस वर्षांत पहिल्यांदा त्याने आठवडाभर रजा घेतली. संध्याकाळचे आकडे कोणी लिहायचे? धाकटा म्हणाला, "दादा, मी लिहितो. तू वहिनीजवळ बस." नेमकं त्याच आठवड्यात नऊ नंबरचं मीटर बंद पडलं. मालक नवं मीटर घेऊ देईना, म्हणून मिस्त्रीने भंगारात काढलेल्या एका गाडीचं मीटर काढून तिला बसवलं. त्या मीटरवरचा आकडा नऊ नंबरच्या खऱ्या आकड्यापेक्षा बेचाळीस हजारांनी मागे होता. मीटर बदललं की वहीत लाल रेघ मारायची, जुनं मीटर कुठे थांबलं आणि नवं कुठून सुरू झालं ते लिहायचं आणि पट्टीवरचा आकडा त्याप्रमाणे बदलायचा, ही रीत होती. पण ती किलोमीटरच्या डोक्यात होती. मिस्त्रीचं काम मीटर बसवायचं, ते त्याने चोख केलं. धाकट्याचं काम दिसेल तो आकडा लिहायचा, तेही त्याने वळणदार अक्षरात केलं.

किलोमीटर परत आला. दुसऱ्या कोणाचं लिहिणं असतं तर त्याने ओळ न् ओळ तपासली असती. भंगारातून टायर आला तरी तो वळून वळून बघणारा माणूस. पण आपण हात धरून गिरवायला शिकवलेलं अक्षर, त्यात काय बघायचं? त्यातून डोक्यात बायकोच्या गोळ्यांच्या वेळा. तो आकडा डोळ्यांना खटकलाही असेल, मनापर्यंत पोचला नाही. त्याने पान उलटलं. दुसऱ्या दिवसापासून कालचा आकडा आणि आजचा आकडा यांतला फरक अगदी बरोबर येऊ लागला. रोजच्या रोज बरोबर.

चूक एकटी असली तर दिसते, ती अशी बरोबर आकड्यांच्या पंक्तीत जाऊन बसली की कोणाला सापडत नाही.

ती सापडली मालकामुळेच. वर्षाचा खर्च गाडीवार काढून द्या, असं मालकाने सांगितलं होतं. दोन गाड्यांचे हप्ते थकले होते, डिझेल महागलं होतं, आणि डोंगरावर जाणाऱ्या माणसांनी स्वतःच्या मोटारी घ्यायला सुरुवात केली होती. कागद बघून मालक दुपारी स्वतः खोलीत आला. मालक काही राक्षस नव्हता. घाबरलेला माणूस होता, आणि घाबरलेल्या माणसाला आकड्यांचा आधार फार वाटतो.

"किलोमीटर, नऊ नंबर इतकी स्वस्त कशी पडते हो? गुणाची गाडी आहे. काय वेगळं करतो आपण तिच्या बाबतीत, ते शोधून काढा. बाकीच्या गाड्याही तशाच चालवू."

मालक गेला. किलोमीटरने कौतुकानेच वही उघडली. धाकट्याचा हलका पाय, दुसरं काय, असं त्याच्या मनात होतं. खर्चाच्या रकान्यावरून त्याचं बोट खाली आलं. ऑइल होतं. टायर होते. एक पट्टा होता. लायनर नव्हते. त्याने मागचं पान उलटलं. त्याच्या मागचं उलटलं. सगळ्या गाड्यांचे लायनर दोनदा बदलून झाले होते, नऊ नंबरचे एकदाही नाही. मग त्याला ती आठवड्याची पानं दिसली, ते वळणदार अक्षर दिसलं, आणि एका ओळीवरून दुसऱ्या ओळीवर येताना बेचाळीस हजारांनी खाली उतरलेला आकडा दिसला.

तीस हजारांना बदलायचे लायनर जवळजवळ बहात्तर हजार धावले होते. रोज घाट चढत होते, रोज घाट उतरत होते. आणि याक्षणी नऊ नंबर डोंगरावर होती.

धाकटा गाडी चालवताना फोन बंद ठेवायचा. ही सवयही दादानेच लावलेली. किलोमीटरने वरच्या स्टँडवर फोन लावला. लागेना. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा तिकीट खिडकीवरच्या माणसाने उचलला.

"नऊ नंबर थांबवा! सोडू नका!"

"नऊ? अहो, आत्ताच सुटली की. धूळसुद्धा खाली बसली नाही."

"मागे पळा कोणीतरी! ओरडा!"

"मी तिकीट खिडकीवर आहे साहेब. माझ्यापुढे रांग आहे."

किलोमीटर धावत गॅरेजमध्ये गेला. मिस्त्रीने त्याचा चेहरा बघितला आणि जीप काढली. घाटाच्या पायथ्याशी किलोमीटर एकदम म्हणाला, "माझ्यामुळे. सगळं माझ्यामुळे." मिस्त्री म्हणाला, "गप बस. वळणं बघू दे."

प्रत्येक वळणावर किलोमीटर आधी कठड्याकडे बघायचा. कठडा शाबूत दिसला की श्वास सोडायचा आणि पुढचं वळण आलं की पुन्हा धरायचा. देवाला काय मागावं तेही त्याला सुचेना. त्याने फक्त धाकट्याला लहानपणी हाक मारायचा तशी मनात हाक मारली, आणि मारतच राहिला. वरून एक ट्रक आला. ट्रकवाल्याचा चेहरा त्याने निरखून बघितला. पाठीमागे काही भयंकर बघून आलेला माणूस असा शीळ घालत येणार नाही, असं त्याने स्वतःला समजावलं.

आणि मग वळणावरून नऊ नंबर आली. संथ, डुलत, खालच्या गिअरमध्ये गुरगुरत. धाकट्याने जीप ओळखली, हात हलवला आणि हसला. किलोमीटर जीपमधून उतरून रस्त्याच्या मधोमध दोन्ही हात पसरून उभा राहिला. गाडी हळूहळू येत, येत, जरा जास्तच येत त्याच्यापासून हातभरावर थांबली.

"दादा? इकडे कुठे? वहिनीला काही झालं का?"

किलोमीटरने सगळी माणसं खाली उतरवली. दुसरी गाडी येईपर्यंत ती दगडांवर बसून नावं ठेवत राहिली. एक जण म्हणाला, "कसली ही नाटकं, छान चालली होती गाडी." मिस्त्री रिकामी बस पहिल्या गिअरवर खाली घेऊन गेला. दोघे भाऊ जीपमधून निघाले. वाटेत धाकटा म्हणाला, "तीन आठवडे झाले, पेडल खोल जातंय."

"मग लिहिलं का नाहीस तक्रारीत?"

"तूच म्हणाला होतास. मालक सध्या खर्च बघतोय, सारख्या तक्रारी करू नकोस, मी तुला हात जोडून लावलंय इथे, म्हणून."

ते खरं होतं. किलोमीटरने तोंड फिरवलं आणि त्याला रडू आलं. धाकट्याने ते बघितलं, पण न बघितल्यासारखं केलं.

संध्याकाळी चाकं उघडली. लायनर नखाएवढे उरले होते. एका बाजूला तर तेही नव्हते, लायनर धरून ठेवणारे रिव्हेट घासून चाकाच्या ड्रमला चर पडले होते. मिस्त्रीने त्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "अजून चार-सहा फेऱ्या. फार तर." मग कपड्याला हात पुसून तो बाहेर जाऊन बसला.

गोष्ट इथे संपली असती तर किलोमीटर सुटला असता. शिव्या खाल्ल्या असत्या, पगार कापून घेतला असता, आणि जन्मभर कोणाच्याही अक्षरावर विश्वास ठेवला नसता. दुसऱ्या दिवशी तो स्वतःच मालकाकडे गेला आणि घडलं ते सगळं सांगून मोकळा झाला. मालक ऐकत होता. मध्येच त्याने हात वर केला.

"थांबा. बहात्तर हजार?"

"हो मालक."

"आणि गाडी वरखाली येत-जात होती? काही झालं नाही?"

"झालं नाही ते नशीब, मालक."

"नशीब एक दिवस असतं, किलोमीटर. दीड वर्ष नसतं." मालकाच्या चेहऱ्यावर कित्येक महिन्यांनी रंग आला होता. "म्हणजे इतकी वर्षं आपण चांगले लायनर काढून फेकतोय. बहात्तर राहू दे, आपण साठच धरू. सगळ्या गाड्यांना साठ हजार करा."

किलोमीटरला वाटलं, आपलं बोलणंच चुकलं असावं. त्याने पुन्हा समजावलं. रिव्हेट सांगितले, ड्रमचे चर सांगितले. धाकट्याचा पाय हलका आहे, तो गिअरवर उतरतो, म्हणून टिकले. आबांच्या हातात हेच लायनर वीस हजारांनंतर रडायला लागतात, हेही सांगितलं.

"मग आबांना सांगा, पाय हलका ठेवा म्हणून." मालकाने कागद आवरले. "हे बघा, मी तुमच्या चुकीबद्दल एक शब्द बोललेलो नाही. भावालाही काही बोललो नाही. पण तुम्हाला हे जमत नसेल तर तसं सांगा. गाड्यांच्या नोंदी ठेवायला आता मोबाइलवर ॲप मिळतं, फुकट. माझा भाचा रोज सांगतो. मीच म्हणतो, राहू दे, जुना माणूस आहे."

घरी येऊन त्याने बायकोला सांगितलं. एरवी गाड्यांचं ऐकून जांभया देणारी ती बाई, पण त्या दिवशी हातातलं काम टाकून ऐकत राहिली. तिच्या गोळ्या आयुष्यभराच्या होत्या, घर भाड्याचं होतं, आणि पन्नाशी उलटलेल्या, फक्त आकडे लिहिता येणाऱ्या माणसाला दुसरीकडे कोण उभं करणार, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"अहो," ती म्हणाली, "भाऊजींची गाडी तेवढी सांभाळता येईल का?"

त्याने तिच्याकडे बघितलं. तिने नजर चुकवली. दोघांनीही तो विषय पुन्हा काढला नाही.

दुसऱ्या दिवशी किलोमीटरने फळ्यावरचे आकडे अंगठ्याने पुसले आणि नवे लिहिले. दहा पट्ट्यांवर मालकाने सांगितलं तसं. नुकतेच नवे लायनर घातलेल्या नऊ नंबरच्या पट्टीवर जुन्याच हिशोबाने, तीस हजारांचा. मिस्त्री दारात उभा राहून बघत होता.

"तुझं काय म्हणणं?" किलोमीटरने विचारलं.

"मी पाना फिरवतो," मिस्त्री म्हणाला. "खिळा तुझा आहे."

त्यानंतरचे सात महिने किलोमीटर कसा जगला हे त्यालाच माहीत. त्याची झोप उडाली. जेवताना घास हातातच राहायचा. संध्याकाळी एकेक गाडी फाटकातून आत आली की तो मोजायचा, आणि अकरावी येईपर्यंत दारातून हलायचा नाही. ड्रायव्हर चेष्टा करायचे, "काय किलोमीटर, वरात मोजताय का?" तो हसायचा. फोन वाजला की तो आधी फाटकाकडे बघायचा, मग उचलायचा. आबा उशिरा आले की तो धावत पुढे जायचा, "ब्रेक कसे आहेत आबा?" आबा म्हणायचे, "माझ्यासारखेच. जरा वेळ लागतो, पण थांबतात." आणि स्वतःच्या विनोदावर स्वतःच हसायचे. त्या हसण्याने किलोमीटरला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. एकदा तो आबांना म्हणाला, "आबा, तक्रार लिहा ना जरा." आबा म्हणाले, "छे रे. जाता जाता कशाला मालकाच्या डोळ्यांवर येऊ? ग्रॅच्युइटी निघू दे आधी." त्या दिवशी त्याने चार नंबरची किल्ली काढून लाल खिळ्यापर्यंत नेली होती. मग बाहेर मालकाच्या मोटारीचा आवाज आला आणि किल्ली होती तिथे परत गेली.

सात महिन्यांनी नऊ नंबरचा आकडा भरला. किलोमीटरने किल्ली गुपचूप लाल खिळ्यावर टांगली. मिस्त्रीने लायनर टाकले, खर्च किरकोळ दुरुस्तीत गेला. धाकट्याला त्या दिवशी काम नव्हतं, म्हणून तो मिस्त्रीला हात लावायला बसला. नव्या लायनरचे खोके बघून म्हणाला, "आत्ताच? आता साठ हजारांना बदलायचे ठरलंय ना?" मिस्त्री पान्याने नट आवळत राहिला. "चार नंबरचे कधी टाकले?" मिस्त्री चाकात तोंड घालून बसला. मग म्हणाला, "ते तुझ्या दादाला विचार."

त्याने विचारलं नाही. संध्याकाळी घरी आला, वहिनीच्या हातचा चहा घेतला, कप विसळून ठेवला आणि गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ड्रायव्हर किल्ल्या न्यायला जमले होते. धाकटा पुढे आला. त्याने नऊ नंबरच्या किल्लीकडे बघितलंच नाही. चार नंबरची काढून खिशात टाकली.

"आबा, आज तुम्ही नऊ न्या."

"का रे बाबा? माझ्या म्हातारीने काय घोडं मारलंय तुझं?"

"नवे लायनर पडलेत नऊ नंबरला. काल."

"किल्ली ठेव," किलोमीटर म्हणाला.

"का?" धाकट्याने त्याच्या डोळ्यांत बघितलं. "पांढऱ्या खिळ्यावर होती ना? पांढऱ्या खिळ्यावरची किल्ली कोणीही न्यावी. तूच शिकवलंस."

"ठेव म्हणतो ना!"

"दादा, मला दादा आहे. आबांना नाही, म्हणून का?"

धाकटा वळला आणि बाहेर गेला. चार नंबरचं इंजिन सुरू झाल्याचा आवाज आला. किलोमीटर टेबलाला धडकत बाहेर पळाला. गाडी फाटकाकडे वळली होती. तो तिच्यापुढे जाऊन उभा राहिला, घाटात उभा राहिला होता तसाच. धाकट्याने ब्रेक दाबला. गाडी लगेच थांबली नाही. किलोमीटरने दोन्ही तळवे तिच्या पुढच्या पत्र्यावर टेकले आणि तिच्याबरोबर दोन पावलं मागे सरकला.

"उतर."

काचेमागे धाकटा हलला नाही. दाबलेल्या पायावरून त्याची नजर वर आली तेव्हा त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"माझं चुकलं," किलोमीटर सगळ्यांच्या देखत ओरडला. "माझं चुकलं रे. उतर तू."

धाकट्याने इंजिन बंद केलं. खाली उतरून किल्ली दादाच्या हातात ठेवली.

किलोमीटर खोलीत आला. चार नंबरची किल्ली त्याने लाल खिळ्यावर टांगली. मग अंगठ्याने एकेक पट्टी पुसली आणि जुन्या हिशोबाने आकडे लिहिले. दोन नंबर लाल खिळ्यावर गेली. सात गेली. दहा आणि अकरा गेल्या. ड्रायव्हर बाकड्याभोवती उभे राहून बघत होते. स्टँडवर माणसं खोळंबली असणार. फोन वाजला. सात महिन्यांत पहिल्यांदा त्याने फाटकाकडे न बघता तो उचलला.

"मालक, आज पाच गाड्या सुटणार नाहीत," तो म्हणाला. "लाल खिळ्यावर आहेत... मी टांगल्या... हो, मला कळतंय मी काय बोलतोय. आणि नऊ नंबरचे लायनर काल टाकले, तो खर्च किरकोळमध्ये लपवलाय. तोही मीच... बरं. हिशोब तयार ठेवतो. भाच्याला पाठवा." त्याने रिसीव्हर ठेवला.

धाकटा त्याच्या शेजारी येऊन उभा राहिला होता. तेवढ्यानेही किलोमीटरला धीर आला. आता काय व्हायचं ते होऊ दे, निदान सुटलो, असं त्याला वाटलं. क्षणभरच वाटलं.

"किलोमीटर," मागून आबा म्हणाले. त्यांच्या आवाजात विनोद नव्हता. "माझे लायनर आकड्याच्या किती वर गेले?"

त्याला गाड्यांचा प्रत्येक आकडा पाठ होता. त्याच्या आयुष्यात पहिल्यांदा त्याला वाटलं, आपल्याला हा माहीत नसता तर बरं झालं असतं.

"अकरा हजार, आबा."

आबा बाकड्यावर बसले. त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"रविवारी नातवंडांना घेऊन गेलो होतो वरती," ते म्हणाले. "माझ्या पाठीमागच्याच सीटवर होती दोघं. उतरताना मोठी विचारायला लागली, आजोबा, ब्रेक कुठला असतो? मी तिला दाखवला. म्हटलं, हा दाबला की कसलीच भीती नाही."